पदवीचे कर्ज आणि कमाईचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचे आणि प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले, की कामगार वस्त्यांतून आणि तालुक्याच्या गावांतून एक प्रश्न कार्यकर्त्यांकडे हमखास येतो. मुलाला वा मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळत आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे. ते काढावे काय? पुढच्या पगारातून ते फिटेल काय? हा प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षणविषयक धोरणावरचे व्याख्यान नको असते, त्याला आकडा हवा असतो. चळवळीतल्या माणसाची अडचण अशी, की त्याच्याजवळ व्याख्यान तयार असते, आकडा नसतो. मग तो एकतर 'शिक्षणासाठी कर्ज काढायची वेळ यावी हीच शरमेची गोष्ट आहे' असे म्हणून प्रश्न टाळतो, किंवा 'काढा, काही होत नाही' असे सांगून मोकळा होतो. दोन्ही उत्तरे बेजबाबदार आहेत. पहिल्याने कुटुंबाला काहीच मिळत नाही, आणि दुसऱ्याने त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांवर जोखीम येते.

म्हणून आधी हिशेब नीट मांडला पाहिजे, आणि मग तो हिशेब कोणी कोणासाठी आखला हे विचारले पाहिजे. त्यासाठी मुद्दाम असे उदाहरण घेणे योग्य, की जिथे हिशेब सर्वांत चांगला जुळतो. इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग, म्हणजे औद्योगिक अभियांत्रिकी, ही अशी विद्याशाखा आहे. ती मुळात अमेरिकेतली, आणि विद्यार्थ्याच्या कर्जाची तुलना त्याच्या भावी पगाराशी करण्याची पद्धतही तिथेच सर्वांत पक्की झालेली आहे. जिथे फायदा उघड दिसतो तिथेच जर या हिशेबातले दोष सापडले, तर अन्य विद्याशाखांबद्दल निराळे सांगावे लागणार नाही.

या शाखेची ओळख कामगार चळवळीला नवी नाही. फ्रेडरिक टेलर यांनी हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या एकेका हालचालीला लागणारा वेळ मोजला, आणि १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने हालचालींचा अभ्यास पुढे नेला. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी विद्यापीठात १९०९ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडला. कामगारांनीही या घड्याळाला उत्तर दिले. १९११ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील लष्करी कारखान्यातल्या ओतकाम करणाऱ्या कामगारांनी या मोजमापाविरुद्ध संप केला. १९१५ पासून तर अमेरिकन संसदेनेच लष्करी कारखान्यांत अशा मोजमापासाठी पैसा वापरण्यास मनाई केली. मुंबईतील गिरणी कामगारांचा १९२८ चा प्रदीर्घ संपही याच वृत्तीविरुद्ध होता. एका विणकराने अधिक माग सांभाळावेत या 'रॅशनलायझेशन'ला त्यांचा विरोध होता.

परंतु ही विद्या तिथेच थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यात गणित आले, गुणवत्ता-नियंत्रण आले, साठवण आणि वाहतुकीचे नियोजन आले. आज इस्पितळात रुग्णाने किती वेळ ताटकळावे, गोदामातून माल कोणत्या क्रमाने निघावा, कारखान्यात अपघात कुठे संभवतो, हे प्रश्न औद्योगिक अभियंता सोडवतो. भारतात या विद्येचे राष्ट्रीय प्रशिक्षणकेंद्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने १९६३ मध्ये मुंबईत पवईच्या परिसरात उभे राहिले. 'नीटी' या नावाने ते ओळखले जाई. २०२३ मध्ये त्याचे रूपांतर व्यवस्थापन संस्थेत, 'आयआयएम मुंबई'मध्ये झाले. सारांश, या विद्येचा उपयोग श्रमिकांना पिळण्यासाठी होतो तसा त्यांचे श्रम हलके करण्यासाठीही होऊ शकतो. श्रमिकांच्या मुलामुलींनी ती शिकावी की नाही हा वाद असूच शकत नाही. शिकताना तिची किंमत कोणी मोजावी, एवढाच प्रश्न आहे.

आता अमेरिकेतला हिशेब पाहू. तेथील श्रम-सांख्यिकी कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०२४ च्या मे महिन्यात औद्योगिक अभियंत्याचे मध्यक वेतन वर्षाला सुमारे एक लाख एक हजार डॉलर होते. मध्यक म्हणजे सर्वांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभे केले असता बरोबर मधोमध येणाऱ्याचा पगार. सर्व व्यवसायांतील नोकरदारांचा मध्यक तेव्हा साडेएकोणपन्नास हजार होता. म्हणजे या अभियंत्याची मिळकत सर्वसाधारण नोकरदाराच्या दुपटीहून अधिक. दुसऱ्या बाजूला कर्ज. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांत स्वतःच्या नावे संघराज्य सरकारकडून मिळू शकणारे कर्ज सत्तावीस हजार डॉलरच्या मर्यादेत असते. २०२४-२५ या वर्षी त्याचा व्याजदर ६.५३ टक्के होता. सत्तावीस हजारांचे कर्ज या दराने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला ३०७ डॉलर भरावे लागतात. नव्या पदवीधराला मध्यकाएवढा पगार मिळत नाही. पण सत्तर हजारांवर सुरुवात झाली असे धरले, तरी हप्ता पगाराच्या साडेपाच टक्क्यांच्या आतच राहतो. 'एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा अधिक नसावे' असा तेथील सल्लागारांचा आडाखा आहे. त्या कसोटीला हा विद्यार्थी सहज उतरतो.

हा हिशेब खोटा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्याला प्रवेश मिळाला, ज्याने पदवी पुरी केली आणि ज्याला त्या पदवीची नोकरी मिळाली, त्याच्या दृष्टीने हे कर्ज फायद्याचे ठरते. परंतु या वाक्यात तीन अटी दडलेल्या आहेत, आणि प्रत्येक अट कोणाला तरी वगळते.

पहिली अट पदवी पुरी होण्याची. अमेरिकेत उच्च शिक्षणाला आरंभ करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे साठ-बासष्ट जणच सहा वर्षांत ते पुरे करतात. मधेच सोडणाऱ्याचे कर्ज मात्र त्याच्याबरोबर बाहेर पडते. म्हणूनच तेथील थकबाकीदारांविषयी एक गोष्ट अभ्यासकांना वारंवार आढळली आहे. सर्वांत मोठे कर्ज असलेला डॉक्टर वा वकील बुडीत निघत नाही. लहानसे कर्ज घेऊन पदवीविना परतलेला बुडीत निघतो. तो गरीब घरचा असतो, शिकता शिकता नोकरी करत असतो, घरातले आजारपण वा बापाची गेलेली नोकरी त्याला वर्गाबाहेर ओढते. सरासरी पगाराच्या कोष्टकात त्याचे नाव येतच नाही, कारण ते कोष्टक पदवीधरांचे असते.

दुसरी अट कर्ज तेवढ्यावरच भागण्याची. सत्तावीस हजारांची मर्यादा ही विद्यार्थ्याच्या नावावरची. शिक्षणशुल्क, वसतिगृह, जेवण मिळून खर्च त्याहून कितीतरी अधिक होतो. ज्यांच्या घरी शिल्लक आहे ते वरची रक्कम शिलकीतून भरतात. ज्यांच्या घरी नाही त्यांचे आईबाप स्वतःच्या नावावर वेगळे कर्ज काढतात, किंवा मूल खासगी सावकारी कंपनीकडे जाते. विद्यार्थ्याचे कर्ज पाहून समाधान मानणाऱ्या हिशेबात आईबापांचे कर्ज येत नाही.

तिसरी अट सर्वांत गंभीर आहे, आणि ती कायद्याने निर्माण केलेली आहे. व्यापारी बुडाला तर दिवाळखोरी जाहीर करून नव्याने सुरुवात करू शकतो. विद्यार्थ्याची ही वाट अमेरिकेत पायरीपायरीने बंद झाली. १९७६ च्या दुरुस्तीने पहिली पाच वर्षे सूट नाकारली. १९९० मध्ये ती मुदत सात वर्षे झाली. १९९८ मध्ये मुदतच काढून टाकण्यात आली आणि २००५ मध्ये खासगी कर्जांनाही तोच नियम लागू झाला. 'असह्य हलाखी' न्यायालयात सिद्ध केल्याविना आता हे ओझे उतरत नाही. कारखान्यात नवे यंत्र आणताना मालक त्याची घसाऱ्याची तरतूद करतो, विमा उतरवतो, आणि यंत्र निकामी निघाले तर ते हिशेबातून वजा करतो. औद्योगिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हेच गणित शिकवले जाते. त्याच्या स्वतःच्या शिक्षणात गुंतलेल्या पैशाला मात्र यातली एकही सवलत नाही.

अमेरिकेत हे पूर्वापार असेच होते, असेही नाही. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक महाविद्यालयात १८४७ पासून शिक्षणशुल्क नव्हते. स्थलांतरित श्रमिकांच्या पिढ्या तिथे शिकल्या, आणि १९७६ मध्ये शहराच्या आर्थिक संकटाचे कारण पुढे करून ते शुल्क सुरू झाले. संघराज्याने १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने कर्जाला हमी दिली, तेव्हा तो गरिबांना आधार वाटला, आणि काही अंशी तो होताही. पण राज्यांनी आपल्या विद्यापीठांवरचा खर्च आखडता घेतला, शुल्क वाढत गेले, आणि आधार म्हणून आलेले कर्ज मुख्य खांब होऊन बसले. आज तेथे संघराज्य सरकारच्या विद्यार्थी-कर्जाचा डोंगर सोळाशे अब्ज डॉलरच्या घरात आहे आणि चार कोटींहून अधिक माणसे त्याखाली आहेत. २०२२ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी त्यातील काही भाग माफ करण्याची योजना आखली. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

त्यापुढची घडामोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. कर्ज आणि कमाई यांची तुलना ही आधी कुटुंबाची सोय होती. हळूहळू ती सरकारची कसोटी झाली. २०१४ च्या नियमाने मुख्यतः नफेखोर संस्थांच्या अभ्यासक्रमांना ही कसोटी लावली. फसवणुकीच्या दुकानांना चाप बसावा हा तिचा हेतू होता, आणि तो योग्यच होता. २०१९ मध्ये तो नियम मागे घेतला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. २०२५ च्या कायद्याने तर कमाईची कसोटी व्यापक केली. ज्या पदवी-अभ्यासक्रमाच्या पदवीधरांचे मध्यक वेतन केवळ शालान्त शिक्षण झालेल्यांपेक्षा कमी राहील, त्याची संघराज्याच्या कर्जाची पात्रता जाईल, आणि अंमलाची तारीख १ जुलै २०२६. औद्योगिक अभियांत्रिकी या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होईल. पण बालवाडीच्या शिक्षिकेचे काय? २०२४ मध्ये तेथे तिचे मध्यक वेतन सदतीस हजारांच्या आसपास होते. तिचा पगार कमी आहे तो तिच्या कामाचे मोल कमी म्हणून नव्हे. ज्यांची मुले ती सांभाळते त्या नोकरदार आयांच्या खिशात देण्यासारखे फारसे नाही, आणि सरकार देत नाही, म्हणून तो कमी आहे. गोदामात माल उचलणाऱ्याचे सेकंद वाचवणाऱ्या अभियंत्याचा पगार मोठा, कारण त्या सेकंदांचा पैसा मालकाच्या पेटीत पडतो. पगार हे समाजोपयोगाचे माप नव्हे, सौदाशक्तीचे माप आहे. कुटुंबाने पगार पाहून निर्णय घेणे शहाणपणाचे आहे. पण समाजाने कोणते ज्ञान जिवंत ठेवावे हे त्याच मापाने ठरवणे म्हणजे वजनाचा काटा दुकानदाराच्या हाती देणे होय.

आता महाराष्ट्राकडे वळू. अमेरिकेतील वाटचालीचे प्रतिबिंब येथे फार दूर शोधावे लागत नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर कर्नाटकात जाऊन देणगी भरून शिकणारी मुले राज्यात शिकू लागली, जागा वाढल्या, ग्रामीण भागात महाविद्यालये निघाली; हे नाकारण्याचे कारण नाही. पण इमारत, शिक्षक, प्रयोगशाळा या सर्वांचा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कावर आला. १९९२ आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देणग्यांविरुद्ध निर्णय दिले, २००२ मध्ये संस्थांची स्वायत्तता मान्य केली, २००३ मध्ये शुल्क ठरवण्यासाठी समित्या नेमायला लावल्या. महाराष्ट्राने २०१५ मध्ये शुल्क नियामक प्राधिकरणाचा कायदा केला. न्यायालये आणि समित्या यांचा हा सारा प्रवास 'शुल्क किती असावे' या प्रश्नाभोवती फिरला. 'ते कोणी भरावे' या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ गृहीत धरले गेले, आणि ते उत्तर बँकेच्या खिडकीशी जाऊन थांबले. २००१ मध्ये बँकांच्या संघटनेने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली. २०१५ मध्ये साडेसात लाखांपर्यंतच्या तारणाविना दिलेल्या कर्जाला सरकारी पतहमी निधीचा आधार मिळाला.

येथला हिशेबही एकदा कागदावर मांडलाच पाहिजे. उदाहरणादाखल, चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दर वर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचे कर्ज घेतले आणि व्याज दहा टक्के धरले, तर चार वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष सवलतीचे असे मिळून नुसत्या सरळ व्याजाने दोन लाख दहा हजार वाढतात. हप्ता सुरू होतो तो सहा लाखांवर नव्हे, आठ लाख दहा हजारांवर. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे दहा हजार सातशे रुपये, आणि एकूण परतफेड पावणेतेरा लाखांच्या पुढे. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता आठ हजार सातशेवर येतो, परंतु एकूण परतफेड साडेपंधरा लाखांच्या वर जाते. पहिला पगार पंचवीस हजार असेल तर दहा वर्षांचा हप्ता त्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक होतो. अमेरिकेतल्या साडेपाच टक्क्यांशी याची तुलना करून पाहावी. औद्योगिक वा उत्पादन अभियांत्रिकीची तीच विद्या, तेच ग्रंथ, पण येथला नवखा अभियंता जर कंत्राटी प्रशिक्षणार्थी म्हणून कारखान्यात उभा असेल, तर अमेरिकेतल्या कोष्टकाचा दिलासा त्याला लागू पडत नाही.

शिवाय येथे आईबाप सहकर्जदार असतात. मुलाला नोकरी लागली नाही तर बँकेचे पत्र बापाच्या नावाने येते, आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून थकबाकी भरली जाते. मोठ्या कर्जाला राहते घर तारण पडते. म्हणजे पदवीतली जोखीम एका पिढीकडून दुसरीकडे जात नाही. ती दोन पिढ्यांवर एकदम बसते.

परदेशी जाणाऱ्यांचा हिशेब आणखी नाजूक आहे. औद्योगिक अभियांत्रिकीत एम. एस. करण्यासाठी अमेरिकेला जाणाऱ्यांत महाराष्ट्रातली मुले लक्षणीय आहेत. चाळीस लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी दोन वर्षांत उचलले आणि शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू झाले असे धरले, तर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सदुसष्ट हजारांच्या आसपास पडतो. डॉलरमधल्या पगारातून तो सहज सुटतो. चाकण वा भोसरीच्या नवशिक्या अभियंत्याच्या पगारातून तो सुटू शकत नाही. म्हणजे येथे हिशेब पदवीवर अवलंबून नाही, तिथे राहण्याच्या परवान्यावर अवलंबून आहे. पदवीनंतर तेथे एक वर्ष आणि या शाखेला मिळणारी आणखी दोन वर्षे काम करता येते. त्यानंतर दरवर्षी पंच्याऐंशी हजारांची मर्यादा असलेल्या परवान्यांच्या सोडतीत नाव यावे लागते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तेथील अध्यक्षांनी अशा नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली, तेव्हा येथल्या किती घरांच्या तारणावर तिची सावली पडली असेल! ज्या धोरणावर विद्यार्थ्याचा काडीइतका ताबा नाही, त्याची जोखीम त्याच्या घराच्या भिंतींनी उचलायची आहे.

'मग दुसरा मार्ग आहे काय?' असा प्रश्न विचारला जातो. आहे, आणि तो स्वप्नातला नाही. जर्मनीत या विद्येला अर्थशास्त्राची जोड देणारी पदवी फार प्रतिष्ठेची समजली जाते. तेथील काही राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास सहामाहीला पाचशे युरोपर्यंतचे शुल्क बसवले. विद्यार्थ्यांनी आंदोलने केली, निवडणुकांत तो प्रश्न झाला, आणि २०१४ पर्यंत प्रत्येक राज्याने ते शुल्क मागे घेतले. गरजू विद्यार्थ्याला निर्वाहासाठी मिळणारी मदत १९७१ मध्ये कायद्याने सुरू झाली. १९८३ मध्ये तिचे पूर्ण कर्जात रूपांतर करण्यात आले, पण १९९० पासून ती सर्वसाधारणपणे अर्धी अनुदान आणि अर्धी बिनव्याजी कर्ज अशी आहे. आणि त्या कर्जापैकी परत करायची रक्कम १०,०१० युरोवर थांबते. तेथेही सर्व आलबेल नाही. एका राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला दीड हजार युरो शुल्क लावले आहे. परंतु शुल्क ही निसर्गाची आपत्ती नाही, ती राजकीय निर्णयाने येते आणि राजकीय निर्णयाने जाते, एवढे त्या देशाने दाखवून दिले.

महाराष्ट्रातही याची चुणूक दिसलेली आहे. २०२४ मध्ये शासनाने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च त्यात नाही, तरी तत्त्व मान्य झाले आहे. याउलट त्याच वर्षी केंद्राने आणलेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना पाहावी. तारणाविना आणि जामिनाविना कर्ज देणारी ही योजना मानांकनात वरच्या ठरलेल्या सुमारे साडेआठशे संस्थांपुरती आहे. म्हणजे जिथे नोकरीची शाश्वती आधीच अधिक, तिथे कर्ज सोपे; आणि तालुक्याच्या सामान्य महाविद्यालयात, जिथे जोखीम खरोखर मोठी, तिथला विद्यार्थी या सवलतीच्या बाहेर. बँकेच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे, समाजवादी दृष्टीने हे उलटे आहे.

येथे एका आक्षेपाला सामोरे जाणे आवश्यक आहे, कारण तो प्रामाणिक आहे. उद्या भरपूर कमावणाऱ्या अभियंत्याच्या शिक्षणाचा खर्च शेतमजुराने का उचलावा? मीठमिरची आणि कपडालत्ता घेताना तोही कर भरतो. हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. ज्या महाविद्यालयात केवळ सुखवस्तूंचीच मुले पोचतात ते मोफत करणे म्हणजे गरिबांच्या पैशाने श्रीमंतांची सोय करणे, हे खरेच आहे. पण त्यावरचा उपाय कर्ज हा नव्हे. कर्जाने शेतमजुराचा मुलगा आत येत नाही, तो आणखी बिचकतो. कारण त्याच्या घरी पडझड सोसायला काही नाही. उपाय दुहेरी आहे. शाळेपासून त्याला आत आणायचे, आणि जो पुढे खूप कमावील त्याच्याकडून चढत्या दराने आयकर घ्यायचा. हप्ता आणि कर यांत हा मूलभूत फरक आहे. कर कमाई पाहून मागतो, हप्ता तारीख पाहून मागतो. अभियंत्याच्या शिक्षणाचे फळ त्याला मिळते तसे कारखान्याला, इस्पितळाला, सरकारी तिजोरीलाही मिळते. फळ चौघांनी खायचे आणि नांगर एकट्याने ओढायचा, ही विभागणी न्याय्य नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत, आणि एकासाठी दुसरे थांबवता येणार नाही.

पहिले काम दारात आलेल्या कुटुंबाचे. महाविद्यालयाच्या जाहिरातीतले सर्वांत मोठे 'पॅकेज' विचारू नये. मागच्या तुकडीत किती जणांनी ठरलेल्या मुदतीत पदवी पुरी केली आणि मधोमधच्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, हे विचारावे. राष्ट्रीय मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना ही माहिती जाहीर करावी लागते. मात्र तो पगार नोकरी लागलेल्यांचा असतो, न लागलेले त्यात नसतात, हे विसरू नये. कर्जाचा आकडा व्याज जमेस धरून, हप्ता सुरू होण्याच्या दिवशीचा मागावा. त्या हप्त्याची तुलना मधल्या नव्हे तर खालच्या पगाराशी करावी. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीचे सर्व अर्ज कर्जाच्या अर्जाआधी भरावेत. आणि शिक्षण दुसऱ्याच वर्षी थांबले तर काय, हा अशुभ वाटणारा प्रश्न सहीपूर्वीच विचारावा. या सगळ्यातून हिशेब जुळत असेल तर कुटुंबाला घाबरवू नये. कर्ज काढून शिकलेली मुलगी ही तत्त्वच्युती नव्हे. जुळत नसेल तर तेही स्पष्ट सांगावे आणि पदविका, सरकारी महाविद्यालय, नोकरी करता करता शिक्षण या वाटा दाखवाव्यात.

दुसरे काम सार्वजनिक आहे. मुलींना मिळालेली शुल्कमाफी त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलांना आणि वसतिगृहाच्या खर्चाला लागू व्हावी; शैक्षणिक कर्जाची वसुली ठरावीक उत्पन्नानंतरच सुरू व्हावी आणि उत्पन्नाच्या प्रमाणात व्हावी; शिक्षण अपुरे राहिलेल्यांचे व्याज गोठावे; राहते घर तारण घेण्यास बंदी असावी; आणि सरकारी तंत्रनिकेतनांच्या व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा आणि शिक्षक वाढावेत. यातली एकही मागणी आकाशातली नाही. प्रत्येकीचा काही ना काही अंश कुठे तरी अमलात आलेला आहे.

औद्योगिक अभियंत्याला त्याचे शास्त्र असे शिकवते, की काम अडले तर आधी यंत्रणेतला अडथळा शोधावा, यंत्रावरच्या माणसाला दोष देऊ नये. शिक्षणाच्या या यंत्रणेतही अडथळा कर्ज न फेडू शकलेल्या मुलात नाही. सर्व जोखीम त्याच्याच खांद्यावर ठेवणाऱ्या व्यवस्थेत तो आहे. जोवर ती व्यवस्था आहे, तोवर प्रत्येक घराचा हिशेब काटेकोरपणे मांडून द्यावा लागेल; आणि तो देता देताच, असा हिशेब कोणत्याही घराला मांडावा लागू नये यासाठी लोकांना संघटित करावे लागेल.